काडतूस अजून ठरलेलं नाही

इंग्लंडमधल्या आमच्या ब्रॅकनेलचे पेंडसेकाका अंडं घातलेला केकसुद्धा खात नाहीत, आणि गेली दोन वर्षं ते हरणाच्या शिकारीसाठी काडतूस निवडतायत. रायफल अजून घेतलेलीच नाही. लायसन्सच्या फॉर्मवर कॅलिबरचा, म्हणजे काडतुसाच्या मापाचा, रकाना कोरा. घरात कोळी निघाला तर त्याला ग्लासात धरून बागेत सोडतात आणि वर "सांभाळून रे" म्हणतात.

मी त्यांच्या शेजारी भाड्यानं राहतो. भेटले की विषय एकच.

"थ्री-ओ-एटचं काडतूस भारदस्त, पण खांद्याला धक्का फार. सिक्स-फाइव्ह वाऱ्यात सरळ जाते, पण स्टॅग, म्हणजे नर हरीण, तगडा निघाला तर? त्यात आता लेडऐवजी कॉपरची गोळी वापरा म्हणतात, म्हणजे सगळा स्टडी परत!"

"काका, घ्या ना एक कुठलंतरी!"

"घाई नको. स्टडी चालू आहे."

दर रविवारी अकराला फाइल काखोटीला मारून ते समोरच्या कॉलिनकडे जातात. कॉलिन उमेदीत स्कॉटलंडच्या डोंगरांत लोकांना शिकारीला न्यायचा. शेवटी मीच वैतागलो. एका शनिवारी बसून स्प्रेडशीट केलं: गोळीचं वजन, वेग, धक्का, वारा. दुसऱ्या दिवशी काकांच्या मागोमाग गेलो आणि कॉलिनसमोरच जाहीर केलं, "सॉर्टेड! सिक्स-फाइव्ह!"

कॉलिन नुसता "राइट" म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला. काकांनी मला दंडाला धरून हॉलवेत आणलं.

"तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा? स्ट्रोकनंतर तो पोटच्या मुलीशीसुद्धा येस-नोच्या पुढे बोलत नाही. काडतुसावर मात्र तासभर बोलतो, अडखळत का होईना. मी कसली शिकार करतोय! आता पुढच्या रविवारी त्याला विचारू काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काका आत गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "कॉलिन, बिग स्टॅग, स्ट्राँग विंड. इज धिस बॉय राइट?"

कॉलिननं खिडकीबाहेरची नजर माझ्याकडे वळवली. मग डाव्या हातानं त्यानं एक खुर्ची माझ्याकडे ढकलली.

"सिट," एकेक शब्द शोधत तो म्हणाला. "युअर... स्प्रेडशीट... इज... रबिश."

मी बसलो. पुढे दीड तास तो माझी अक्कल काढत होता, आणि काका डोळे पुसत लिहून घेत होते.