रविवारचा उमोर

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे सुगत गजभिये दर रविवारी दुपारी माणूस नसतात.

हसू नका. मीही पहिल्यांदा हसले होते, आणि त्यापायी मला बराच वेळ जिन्यात उभं राहून ऐकून घ्यावं लागलं. स्टुटगार्टच्या या घरात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. खालच्या बेलवर 'गजभिये' वाचलं आणि मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. रविवार होता. मी गरम कांदाभजी घेऊन खाली गेले. दार उघडलं. पन्नाशीच्या आसपासचे गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, कानांवर हेडफोन.

"जय भीम! मी वैशाली ढोके, वरच्या मजल्यावरची. भजी आणलीत."

उत्तर नाही. मी ताटली पुढे केली. तरी नाही. ऐकू कमी येत असेल म्हणून मी तेच वाक्य जरा ओरडून म्हटलं. समोरच्या दारातून एका जर्मन आजींनी डोकावून बघितलं, कारण रविवारी इथे मोठ्याने शिंकणंही लोकांना खपत नाही. शेवटी गृहस्थ सावकाश म्हणाले, "जय भीम. हे कवच आपलं आभारी आहे." ताटली घेतली आणि दार लावून टाकलं.

मी वर येऊन आमच्या ह्यांना सांगितलं, "अहो, खाली एक कवच राहतं."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः ताटली परत द्यायला आले. घासलेली, पुसलेली, वर चॉकलेट ठेवलेली. आता ते माणसात होते. त्यांनी जे समजावलं ते मी तुम्हाला थोडक्यात सांगते, कारण मला ते थोडक्यात सांगितलं गेलं नव्हतं आणि माझी डाळ करपली होती.

कॉम्प्युटरवरचा एक खेळ आहे. त्यात बंदुका नाहीत, गुण नाहीत, जिंकणं-हरणं नाही. दूर अवकाशात एक अवाढव्य बंदर आहे आणि जर्मनीभरची माणसं आपापल्या घरी बसून तिथली पात्रं होतात. कुणी डॉक्टर, कुणी खानावळवाला, कुणी चोरटा माल आणणारा. बोलायचं ते टाइप करून. म्हणजे प्रेक्षक नसलेलं, मध्यंतर नसलेलं नाटकच. बहुतेक जण माणूस होतात. पण काहींना परग्रहावरच्या जमातीचं व्हायचं असतं. सुगतभाऊजी उमोर आहेत.

उमोर समुद्राच्या तळाशी राहतात. पाठीवर कवच. डोळे मुळीच नाहीत. उमोर 'मी' म्हणत नाही, 'हे कवच' म्हणतो. आणि विचारलेला प्रश्न कवचाच्या तळाशी पोहोचल्याशिवाय उत्तर देत नाही. माझी भजी त्या दिवशी तळाशी पोहोचायची होती.

या सगळ्याला ते लोक 'लोर' म्हणतात. त्या जगाचा इतिहास, भूगोल, रीतीरिवाज, कोण कुणाकडे जेवतं आणि कोण कुणाकडे पाणीही घेत नाही, इथपर्यंत. परग्रही जमातीचं पात्र असंच मिळत नाही. जुन्या खेळाडूंपुढे परीक्षा द्यावी लागते. जर्मनीतलं गाडीचं लायसन्स त्यापुढे सोपं. भाऊजी गाडीच्या परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाले होते, उमोरच्या परीक्षेत दोनदा नापास.

"कशात उडालात?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"'मी' म्हणालो, दादा. घाईत निघून गेलं बोटांतून."

ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत ते इंजिनिअर आहेत. मूळचे भंडाऱ्याचे, लग्न केलं नाही. जर्मन भाषा ते बरीचशी त्या खेळातच शिकले, त्यामुळे ती सुंदर आहे पण या पृथ्वीवरची नाही. इथे राहण्याचा परवाना वाढवून घ्यायला सरकारी कचेरीत गेले, तेव्हा खिडकीतल्या बाईंना जे म्हणाले त्याचं मराठी साधारण असं होईल: "आपल्या गोदीला लागण्याची अनुज्ञा असावी." बाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "आज सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी नीट विचारलंय." परवाना मिळाला. ऑफिसच्या मीटिंगमध्येही ते सवयीने थांबून उत्तर देतात. जर्मन साहेबांना वाटतं, माणूस फार खोल आहे.

त्यांचं आवडतं वाक्य एकच: "आधार काय?" लोरमध्ये आधाराशिवाय काहीही चालत नाही, आणि हळूहळू त्यांच्यापुढे कुठेच काही चालेनासं झालं. आमचे हे एकदा रंगात येऊन सांगत होते की लहानपणी त्यांच्या गावच्या तळ्यात मगर आली होती.

"आधार काय, दादा?"

"अरे, मी स्वतः पाहिली!"

"तेव्हा वय काय तुमचं?"

"असेन पाच-सहा वर्षांचा."

"गेनाऊ, बरोबर. मग ती घोरपड होती."

तेव्हापासून आमच्या घरात मगरीचा विषय बंद आहे. माझी लेक मृण्मयी, जी माझ्या मराठी प्रश्नाला कायम जर्मनमध्ये उत्तर देते, ती एवढंच म्हणाली, "एंडलिश!" म्हणजे, सुटलो एकदाचे.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

खेळात नवी पोरं येऊ लागली आणि लोर ढिलं पडू लागलं. भाऊजींचा जीव तळमळायला लागला. त्यांनी खेळ चालवणाऱ्या परिषदेच्या मागे लागून एक नियम करून घेतला: परग्रही जमातीच्या खेळाडूने लोरच्या तीन चुका केल्या की त्या जमातीची परवानगी रद्द. कासेलचा एक विद्यार्थी या नियमाचा पहिला बळी. त्याच्या उमोरने एका सुंदर हवाईसुंदरीला डोळा मारला होता.

"डोळा!" भाऊजी आमच्या स्वयंपाकघरात थरथरत म्हणाले. "वहिनी, डोळे नाहीत नं त्याला! मारला कुठून?"

पोराने माफी मागितली, डोळा मागे घेतो म्हणाला. पण त्याच्या आधीच्या दोन चुका होत्याच. भाऊजी हलले नाहीत.

त्यानंतर काही महिन्यांनी, रविवारच्या भर दुपारी, आमची बेल वाजली. दारात भाऊजी. माणसाच्या रूपात.

"वहिनी, मी जरा बसू का?"

मी खुर्ची ओढली. ह्यांनी टीव्ही बंद केला.

फ्राऊ ब्रिंकमान हे नाव आम्ही ऐकून होतो. ड्युसेलडॉर्फच्या एकट्या राहणाऱ्या बाई, आता ऐंशीच्या घरात. पूर्वी ट्राम चालवायच्या. खेळातल्या सगळ्यांत जुन्या उमोर त्याच. भाऊजींना दोनदा नापास करणाऱ्या त्याच, आणि नापास केल्यावर आठवडाभर रोज संध्याकाळी शिकवणाऱ्याही त्याच. भाऊजी जर्मनीत नवीन होते तेव्हा. त्यांचं वाक्य मधेच अडलं की दुकानदार इंग्रजीवर यायचा, ऑफिसातले घड्याळ बघायचे. ब्रिंकमानबाई वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबायच्या. "उमोरला घाई नसते," म्हणायच्या.

"काय झालं त्यांना?" मी विचारलं.

"आज एका प्रसंगात त्यांनी मला तीनदा नमस्कार केला. तीनदा विचारलं, आपण कोणत्या समुद्राचे. मागच्या खेपेला खानावळीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. आधी नवीन पोरं हसली, आता तक्रार केलीय. ओळखीच्या कवचाला अनोळखी म्हणणं ही लोरची चूक आहे. दोन मांडून झाल्या. तिसरी पुढच्या रविवारी परिषदेत मांडणार."

"अहो, म्हातारपण आहे ते. लेक वगैरे आहे ना त्यांना?"

"कुणी नाही. डॉक्टरांकडे जातात, औषध चालू आहे. बाकी त्यांना हा खेळच आहे."

"मग सोपं आहे," आमचे हे म्हणाले. "नियम तुझाच ना? घे मागे."

भाऊजी गप्प बसले. ही उमोरची शांतता नव्हती, मला फरक कळायला लागला होता.

"नियम मागे घेतला, दादा, तर का घेतला ते सगळ्यांना कळेल. बाईंनाही कळेल. दया आली म्हणून ठेवलंय, हे त्यांना एकदा कळलं की त्या स्वतःच उठून जातील. ओळखतो मी त्यांना." मग उठले. शर्ट नीट केला. "आधार शोधावा लागेल."

तो आठवडा त्यांनी लोर वाचण्यात घालवला. ते किती आहे विचारू नका; पोथ्या बऱ्या. कंपनीतून सुट्टी घेतली. जिना झाडायची पाळी त्यांची होती. आमच्याकडे इथल्या श्वाबियन लोकांच्या पद्धतीची केअरवॉखे असते, पाळीची पाटी ज्याच्या दारावर त्याने जिना झाडायचा. आणि भाऊजींची पाळी म्हणजे पायऱ्यांत तोंड दिसायचं. त्या आठवड्यात जिन्यात कबुतराचं पीस तसंच पडून होतं. समोरच्या आजींनी मला विचारलं, "गजभियेसाहेब वारले का?"

रविवारी मी त्यांच्यासाठी पोहे घेऊन खाली गेले, तर म्हणाले, "वहिनी, बसा. कुणीतरी असू द्या." परिषद कॉम्प्युटरवरच, नुसत्या आवाजांची होती. प्रमुख योनास नावाचा लाइपझिगचा मुलगा, आणि ऐकायला बरेच खेळाडू. ब्रिंकमानबाईंना अजून काही कळवलेलं नव्हतं.

योनासने तक्रार वाचली. मग म्हणाला, "नियम सुगत यांचाच आहे. त्यांचं काय म्हणणं?"

भाऊजी उभे राहिले. खोलीत मी आणि पोहे, तरी उभे राहिले.

"तक्रार चुकीची आहे," ते म्हणाले. "फ्राऊ ब्रिंकमान यांनी चूक केलेली नाही. लोर आपल्याला कळलेलं नाही. दर भरतीला उमोरच्या कवचावर नवा थर चढतो. आहे नं लोरमध्ये?"

"आहे," योनास म्हणाला.

"नवा थर याआधी कुणाला भेटलेला असतो का?"

भाऊजींनी स्वतःच उत्तर दिलं.

"नसतो. म्हणून थोरला उमोर भेटलेल्याला पुन्हा भेटतो. आपण कोण, कोणत्या समुद्राचे, पुन्हा विचारतो. सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगतो, कारण नव्या थराने ती सांगितलेली नसते. आणि समोरच्याने पहिल्यांदाच भेटतोय असं उत्तर द्यायचं. न देणं हा थोरल्या कवचाचा अपमान आहे. आपल्यात इतकं जुनं कवच आजवर कुणाचं नव्हतं, म्हणून ही रीत कुणी पाहिली नव्हती."

"पण असं लिहिलेलं नाही कुठे," एक पोरगेला आवाज म्हणाला.

"मी लिहितो. आज."

योनास थोडं हळू आवाजात म्हणाला, "सुगत, हे बाईंसाठी चाललंय का?"

"हे उमोरांसाठी चाललंय."

मग योनासने खाकरून विचारलं, कुणाची हरकत आहे का. कुणाचीच नव्हती. तक्रार करणाऱ्यानेही ती मागे घेतली. तेवढ्यात कासेलच्या विद्यार्थ्याचा आवाज आला. म्हणे, नव्या थराला डोळाही फुटू शकेल की, मग माझी परवानगी परत द्या.

"नाही," भाऊजी म्हणाले. "डोळ्याला आधार नाही."

ही रीत आता खेळात पक्की झाली आहे. मी मुद्दाम पडद्यावर बघितलंय. ब्रिंकमानबाई एका खानावळीत त्याच चौघांना चारदा भेटतात आणि चौघंही चारदा आपला समुद्र सांगतात.

गेल्या महिन्यात भाऊजी आम्हाला ड्युसेलडॉर्फला घेऊन गेले. बाईंचं घर छोटं, खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या. दार उघडून त्या म्हणाल्या, "आपण कोण?"

"सुगत गजभिये. स्टुटगार्टहून आलो. मूळचा भारतातल्या भंडाऱ्याचा. आमच्याकडे तळी फार."

बाईंना आनंद झाला. सगळ्यांना बसवलं, सफरचंदाचा केक कापला, कॉफी ओतली. आमच्या ह्यांना ट्रामच्या गोष्टी सांगितल्या. मधेच भाऊजींकडे वळून म्हणाल्या, "माफ करा हं, आपण?"

भाऊजी कप ठेवून उभे राहिले. पुन्हा नाव सांगितलं, गाव सांगितलं. या वेळी वडिलांची सायकलदुरुस्ती सांगितली, जी मला इतक्या वर्षांत माहीत नव्हती. तिसऱ्यांदा आई सांगितली. तिला फोनवर शेवटी शेवटी त्यांचा आवाज ओळखू येईना, आणि ते दर वेळी "आई, ओळख ना" म्हणून तिला भंडावायचे, हे सांगितलं. मी आणि हे खाली बघत केक खात होतो.

बाई त्यांचं वाक्य संपेपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "आणि इथे जर्मनीत तुमचं कुणी आहे का?"

"आहेत एक. वयस्कर आहेत. ड्युसेलडॉर्फला असतात."

"मग त्यांना भेटत जा," बाई म्हणाल्या. "म्हातारी माणसं वाट बघतात, पण बोलत नाहीत."

"भेटतो."

"रिकाम्या हाताने नका जाऊ. सफरचंदाचा केक आवडतो का त्यांना?"

"फार आवडतो," भाऊजी म्हणाले, आणि आपल्या बशीतला अर्धा तुकडा त्यांनी हळूच बाईंच्या बशीत सरकवला.