दवाखान्यातच लागू पडणारा मंतर

सापाचं विष उतरवणारे मांत्रिक पुष्कळ असतील. पण ज्याचा मंतर फक्त सरकारी दवाखान्यातच लागू पडतो, असा मांत्रिक एकच. आमचे धोंडूमामा.

मामांच्या गावी, मढला, कुणाला साप चावला की लोक त्याला उचलून मामांच्या ओट्यावर आणायचे. मामा ओरडायचे, "हितं कुठं टेकवताय? जीपमधी घाला! माजा मंतर गाडीत चढतो अन् दवाखान्यात लागतो!" मग वाटभर त्या माणसाच्या कानाशी पुटपुटत राहायचे. डॉक्टरांनी लस देऊन माणूस शुद्धीवर आणला की मामा मिशीवरून हात फिरवायचे. "लागला बघा!"

आधी असं नव्हतं. ओट्यावरच निंबाचे टहाळे फिरायचे. सापावरची लस तेव्हा जवळपास मिळायचीच नाही. चिठ्ठी घेऊन पुण्याला पळायचं, आणि तोवर माणूस थांबायचा नाही. मग नव्वदच्या दशकात कधीतरी बातमी आली, की सरकारनं लस इकडच्या दवाखान्यात ठेवायचं ठरवलंय. तीही फुकट.

मामा खात्री करायला गेले आणि फ्रीजमधल्या बाटलीला लांबूनच हात जोडून आले. ती लस घोड्याच्या रक्तापासून बनते, हे कंपाउंडरनं सांगितल्यावर तर ते थक्कच झाले. "कुठला घोडा, कुठलं सरकार! आपल्याला वळखत बी न्हाईत. अन् आपल्यासाठी बाटल्या भरून ठिवत्यात? लई मोठं काम हाय, राव!"

माझ्या वरातीत मामांनी वाकून पायांना हात लावला, तेव्हा मी घोड्यावरून संकोचून म्हणालो, "अहो मामा, राहू द्या."

"तू गप बस," मामा म्हणाले. "मी घोड्याच्या पाया पडतोय."

एकदा मी शहाणपणा केला. "मामा, मंतर सोडा. दवाखान्यात जा, असं सरळ सांगा ना लोकांना."

"तू सांग की. शिकलेला हाईस. कोण येतंय बघू."

मी दोघातिघांना सांगून पाहिलं. त्यांनी मला चहा पाजला. लोकांचा विश्वास मामांवर होता आणि मामांचा त्या बाटलीवर.

एका सुट्टीत मी तिकडं असताना मामी परसात सरपण काढायला गेली आणि तिलाच नाग चावला. जीपमध्ये तिचं डोकं मामांच्या मांडीवर होतं. पापण्या जड होऊन मिटायला लागल्या होत्या.

"मामा, मंतर सुरू करा की!" ड्रायव्हर म्हणाला.

मामांचे ओठ नुसतेच हलले.

"आवं मामा!"

"आठवत न्हाई रं," मामा म्हणाले.

अख्ख्या गावाच्या कानात ओतलेला मंतर, आणि त्यातला एक शब्द त्यांना सापडेना. मग ते मामीच्या कानाशी वाकले.

"सरू."

ही सरू कोण, ते मला क्षणभर कळलंच नाही. जन्मात मी मामांच्या तोंडून "अगं ए"पलीकडं काही ऐकलं नव्हतं.

"सरू, झोपू नगं. सरू, बाटली हाय तिथं, म्या डोळ्यानं बघितलीया. सरू..."

दवाखान्याच्या दारापर्यंत तेवढंच चाललं होतं.

बाटली होती. संध्याकाळी मामीनं डोळे उघडले. उशाशी मामा, भोवती नर्स, ड्रायव्हर, मी, शेजारच्या खाटांवरचे पेशंट. तिनं आधी डोक्यावरचा पदर चाचपला.

"चारचौघांत नाव घेत्यात व्हय?" ती पुटपुटली.

मामा उठून व्हरांड्यात गेले, आणि बराच वेळ आत आले नाहीत.