वानरकाकूंची गुणकारी ट्यूब

एका जंगलात कुणालाच काही विचारावं लागत नसे, कारण सगळे न विचारताच सांगत. बाळांनो, असं जंगल तुम्ही पाहिलं नसेल. नसेलच, असं धरून पुढे जाऊ.

त्या जंगलात एक साळू राहायची. अंगभर काटे, आणि जीव चिमटीएवढा. ती शिकलेली होती. बाळ व्हायच्या आधी तिनं बालसंगोपनावरची तीन जाडजूड पुस्तकं वाचून काढली होती. त्यातून तिला एकच गोष्ट पक्की समजली : कशाकशाला घाबरायचं.

वाघ आला तर काटे फुलवायचे, हे तिला पुस्तकाशिवायही येत होतं. पण एका सकाळी तिच्या बाळाच्या, टोकूच्या, मऊ पोटावर बोराएवढं लाल वर्तुळ दिसलं. कडेला खवले, मध्ये साफ. टोकू सारखा पोट खाजवत होता.

वर्तुळासमोर काय फुलवायचं?

साळूनं विचार केला, नदीपलीकडच्या कासव डॉक्टरांकडे जावं. पण तेवढ्यात शेजारच्या वानरकाकू झाडावरून खाली उतरल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. तशी पद्धतच नव्हती.

"अगं, एवढ्याशा डागासाठी डॉक्टर? तो कासव आधी तासभर बसवतो, मग तासभर प्रश्न विचारतो. हे घे."

काकूंनी एक ट्यूब पुढे केली. तिची शेपटी लाटण्यानं दाबून दाबून गुंडाळली होती. नाव पुसलं होतं. तारीखही पुसली होती. त्या जंगलात ही ट्यूब विरजणासारखी घरोघर फिरायची. ज्याच्या घरी गेली, त्यानं चमचाभर मलम काढून घ्यायचं आणि ट्यूब पुढे पाठवायची.

"पण काकू, हे नक्की कशावरचं आहे?"

"सगळ्यावरचं! यात तीन औषधं आहेत. एक जंतूंवर, एक बुरशीवर, एक सुजेवर. म्हणजे तीन डॉक्टर एका ट्यूबमध्ये. एकाला तरी तुझ्या टोकूचा रोग माहीत असेलच ना?"

हे साळूला पटलं. बाळांनो, शिकलेल्यांना फार लवकर पटतं.

तिनं मलम लावलं. दोन दिवसांत लाली गेली, खाज गेली. टोकू हसायला लागला. साळूनं काकूंच्या पाया पडून ट्यूब परत केली. ट्यूब लगेच लांडोरीकडे गेली. लांडोर ती तोंडाला लावायची, उजळायला.

पाचव्या दिवशी वर्तुळ परत आलं. येताना दोन भावंडं घेऊन आलं.

"कमी लावलंस," काकू म्हणाल्या. "जाड थर दे. वर केळीचं पान बांध, त्यावर लंगोट. औषध आत मुरलं पाहिजे."

मुरलं. लाली गेली. ट्यूब गेली. लाली आली. ट्यूब आली. असं तीन आठवडे चाललं. आता वर्तुळ वर्तुळासारखं दिसेना. पोटभर, मांडीभर नुसता लालसर नकाशा पसरला. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झाली. साळू उचलायला गेली की टोकू किंचाळायचा. आईनं जवळ घेतलं की दुखतं, हे त्याला एवढ्याशा वयात कळलं.

(खाजवताय का रे तुम्ही? खाजवू नका. मलाही खाजतंय, मी खाजवतेय का? बरं, थोडंसं.)

शेवटी साळू नदीपलीकडे गेली. सोबत वानरकाकूही आल्या, धीर द्यायला.

कासव डॉक्टरांनी टोकूचं पोट खूप वेळ पाहिलं. मग विचारलं, "काय लावलंत?"

साळूच्या डोळ्यांपुढे तिन्ही पुस्तकं उभी राहिली. सगळ्यांत लिहिलं होतं, चांगली आई असं करत नाही.

"काही नाही. खोबरेल."

"घाण्याचं," काकूंनी पुस्ती जोडली.

"खोबरेलानं कातडी इतकी पातळ होत नाही," डॉक्टर म्हणाले. "मला रागावायचं नाही. काय लावलं ते कळलं नाही, तर मी चुकीचं औषध देईन. मग याला आणखी त्रास."

टोकू हुंदके देत होता. साळूनं पदराआडून ट्यूब काढून टेबलावर ठेवली.

"माझं नाव नको हं घेऊस," काकू तिच्या कानात म्हणाल्या. डॉक्टरांना ऐकू गेलं.

"काकू, ही ट्यूब मीच दिली होती. काकांचं इसब चिघळलं होतं तेव्हा. पातळ थर, सात दिवस, मग दाखवायला या, असं सांगितलं होतं. काकांना ती बरोबर होती. या बाळाला गजकर्ण आहे. यातल्या सुजेवरच्या औषधानं, म्हणजे स्टेरॉइडनं, लाली आणि खाज झोपवली, आणि अंगातले पहारेकरीही झोपवले. बुरशीनं निवांत घर वाढवलं. वर तुम्ही पान बांधलंत."

त्यांनी फक्त बुरशीवरचं मलम दिलं. पान नाही, घट्ट लंगोट नाही. डाग गेला तरी सांगितलेले चार आठवडे पूर्ण करायचे, आणि मध्ये एकदा दाखवायला यायचं. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यालाही आणायचं. "आणि ऐका, जुनं मलम थांबलं की आधी लाली वाढेल. घाबरून तेच परत लावू नका."

तिसऱ्या दिवशी लाली वाढली. साळूनं रडून घेतलं. वानरकाकू खाली उतरल्या.

"सांगितलं नव्हतं? कासवानं वाढवून ठेवलं! नवी ट्यूब मागवलीय मी. लाव."

मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? साळूनं ट्यूब घेतली, "लावते हो काकू" म्हणाली आणि बिळामागे खोल पुरून टाकली. मग डॉक्टरांचंच मलम लावत राहिली, फुंकर घालत, दिवस मोजत.

चार आठवड्यांनी टोकूचं पोट स्वच्छ झालं. तो आपणहून आईच्या कुशीत शिरला. साळूला त्या दिवशी काहीही नको होतं.

पण काकूंच्या झाडाखाली रांग लागली होती. ससे, कोल्हे, लांडोर आपली पिल्लं घेऊन उभे होते.

"हिलाच विचारा!" काकू वरून ओरडल्या. "सांग गं साळू, टोकूला गुण कशानं आला?"

सगळे तिच्याकडे पाहू लागले. लांडोरीच्या पिल्लाच्या मानेवर बोराएवढं लाल वर्तुळ होतं. साळूनं तोंड उघडलं. खरं अगदी ओठांवर आलं होतं.

"काकूंच्या आशीर्वादानं," ती म्हणाली.

तात्पर्य : डॉक्टरांशी खरं बोललं, तर फार तर एक बाळ बरं होतं. शेजाऱ्यांशी गोड बोललं, तर सबंध जंगलाला गजकर्ण होतं, पण कुणी दुखावत नाही. तेव्हा मुलांनो, शेजारधर्म सांभाळा. कातडी काय, पुन्हा येते.