म्हातू मिस्त्रीचा गिअरबॉक्स आणि सोंडभर अक्षता

एका जंगलात, बाळांनो, एक पिकअप होती. जंगलात पिकअप कुठून आली, असं मध्येच विचारायचं नाही. लांडगा बोलतो, सिंह दरबार भरवतो, ते तुम्हाला चालतं. मग पिकअपनंच काय घोडं मारलंय?

पिकअप होती सगुणाक्का अस्वलिणीची. मध, मोहाची फुलं नि जांभळं भरून ती घाटापलीकडच्या बाजारात न्यायची. गाडी तीन लाख किलोमीटर पळालेली. पुढे की मागे एवढं बटणानं सांगितलं की तिचे गिअर आपोआप बदलायचे, कारण अस्वलाच्या पंजात गिअरचा दांडा टिकत नाही. आधीच्या गाडीचे तीन मोडले होते.

एके दिवशी घाटाच्या पहिल्याच वळणावर गाडी अडली. इंजिन बोंबलतंय, पण चाक काही हलेना. आक्कानं चार रानगवे जुंपले आणि गाडी ओढत म्हातू मिस्त्रीकडे आणली.

म्हातू म्हणजे खवले मांजर. अंगभर खवले, हातभर जीभ, आणि नखं अशी की गंजका बोल्टसुद्धा त्याला बघून सैल व्हायचा. त्यानं गिअरबॉक्सचं तेल हुंगलं. काळंकुट्ट आणि जळकं.

"आक्का, आतल्या क्लचच्या प्लेटा जळून कोळसा झाल्यात. सगळा गिअरबॉक्स उकलून नव्यानं बांधावा लागेल."

झाडावरची माकडं खो खो हसली. "अरे, आपोआप चालणारी वस्तू आपोआपच मरते! ती कधी उघडून नीट होते होय?"

म्हातूला राग आला. चांगलाच आला. "ही गाडी घाट चढली नाही, तर पाना वडाला टांगीन आणि आज्यासारखा वारुळं उकरत मुंग्या खात फिरेन!"

झालं! शब्द तोंडातून गेला आणि माकडांनी तो संध्याकाळपर्यंत जंगलभर केला. बोलण्याआधी दहा आकडे मोजावेत म्हणतात, ते उगीच नाही.

मग वीस दिवस म्हातूनं मान वर केली नाही. टेबल तीनदा धुतलं. भोवती जाळी लावली. केसाळ जनावरांना आत यायला बंदी केली. गाडी आक्काची, पण आक्काच बसली बिचारी दाराबाहेर. "एक केस जरी आत गेला ना आक्का, तरी तेल वाट चुकतं," तो म्हणायचा. नव्या प्लेटा त्यानं मटकीसारख्या तेलात भिजत घातल्या. एकेक व्हॉल्व्ह पुसून, फुंकून, पुन्हा पुसून बसवला. आता फक्त झाकण लावायचं राहिलं होतं.

तेवढ्यात कोल्हेसाहेब आले. कोल्हेसाहेब म्हणजे सिंहमहाराजांचे कार्यवाह.

"उद्या महाराज यंत्रपूजनाला येताहेत. पूजेशिवाय या जंगलात कुठल्याही यंत्राचं झाकण लागत नाही, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे साहेब. पण झाकण लावून मग वरून पूजा केली तर..."

"वरून? महाराज काय पत्र्याला नमस्कार करणार? यंत्राचा आत्मा आत असतो!"

दुसऱ्या दिवशी मांडव पडला. सनई वाजली. महाराजांनी उघड्या गिअरबॉक्सला हळद वाहिली, कुंकू वाहिलं आणि मूठभर अक्षता टाकल्या. मग रांगेनं सगळ्या मानकऱ्यांनी टाकल्या. शेवटी आला हत्ती. हत्तीला मूठ नसते, बाळांनो, सोंड असते. सोंडेत तांदूळ किती मावतात, त्याचा तुम्हीच विचार करा.

म्हातूचा जीव तीळ तीळ तुटत होता. "महाराज, दोनच मिनिटं द्या. पुसून घेतो."

"मुहूर्त टळतोय!" कोल्हेसाहेब ओरडले आणि त्यांनी स्वतःच झाकण दाबून धरलं. बोल्ट आवळले गेले. गिअरबॉक्स गाडीला चढला.

महाराज पुढच्या सीटवर बसले. आक्कानं पुढचा गिअर टाकला. गाडी गुरगुरली, पण जागची हलली नाही. पुन्हा टाकला. पुन्हा तेच. घाबरून आक्कानं मागचा टाकला मात्र, आणि गाडी अशी सुटली म्हणता! मांडव गेला, कमान गेली, सनईवाले पळाले. गाडी उलटी जाऊन तळ्याच्या चिखलात थांबली.

कोल्हेसाहेबांनी झटकन भोंगा उचलला. "महाराज सिंहावलोकन करीत आहेत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माकडांनी तर वडाला दोरीसुद्धा बांधली. "मिस्त्री, पाना आण!"

मग चौकशी झाली. कोल्हेसाहेब म्हणाले, "मिस्त्री, इतकं धुवायला कुणी सांगितलं होतं? तीन लाख किलोमीटर ही गाडी घाणीवर चालली. घाण हाच तिचा जीव होता!" सगळ्यांनी माना डोलावल्या.

म्हातूनं अंगाचा गोळा केला. त्याच्या जातीचा रिवाजच तो. आक्का गोळ्याशेजारी बसली आणि तिनं खवल्यावर टकटक केलं.

"म्हातू, खरं सांग. तुझं काही चुकलं का रे?"

"नाही आक्का. आत तांदूळ आहेत." आवाज रडवेला होता.

"मग सांग की तसं त्यांना."

"राजाच्या अक्षतांनी गाडी बिघडली म्हणून सांगू? मग मुंग्या खायला तरी तोंड राहील का मला?"

आक्का विचारात पडली. अस्वल सावकाश विचार करतं, पण करतं. मग ती उठली आणि महाराजांपुढे हात जोडून उभी राहिली.

"महाराज, पूजा लहान पडली. यंत्र कोपलंय. महापूजा हवी."

महापूजा म्हटल्यावर कोल्हेसाहेबांचे डोळे चमकले.

"पण तिचा नियम कडक आहे," आक्का म्हणाली. "चार दिवस यंत्र सोवळ्यात ठेवायचं. मिस्त्रीशिवाय कुणी शिवायचं नाही. आणि पूजा झाकणावर. आत बघितलं तर बघणाऱ्याची शेपूट झडते."

महाराजांनी आपली शेपूट हळूच मांडीखाली घेतली. "मंजूर!"

त्या चार दिवसांत म्हातूनं गिअरबॉक्स पुन्हा उकलला. व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत तेलानं माखलेल्या अक्षता चिकटून बसल्या होत्या. पाना पोचेना, नख पोचेना. मग त्यानं जीभ काढली. आज्यानं जी वारुळात घातली, तीच. एकेक दाणा ओढून त्यानं बरणीत टाकला. बरणी भरली.

पाचव्या दिवशी झाकणावर महापूजा झाली आणि आक्कानं पुढचा गिअर टाकला. गाडी निघाली. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, आणि ती घाटमाथ्यावर दिसेनाशी झाली. म्हातू रस्त्यात उभा राहून ढसाढसा रडला. आनंदानं हो!

महाराजांना 'यंत्रोद्धारक' पदवी मिळाली. कोल्हेसाहेबांना महापूजा खात्याचं मंत्रिपद मिळालं. म्हातूला अर्धा नारळ मिळाला, तोही खवट.

माकडं दोरी सोडून खाली आली. "मिस्त्री, बरणीत काय आहे?"

म्हातूनं बरणीकडे पाहिलं, माकडांकडे पाहिलं. "महाराजांच्या हातचा प्रसाद."

माकडांनी डोळे मिटून, भक्तिभावानं बरणी रिकामी केली. पुढचे तीन दिवस ती ओढ्याकाठीच बसून होती.

तात्पर्य : सत्याचा शेवटी विजयच होतो, बाळांनो. फक्त ते झाकणाखाली ठेवावं, आणि वर थोरामोठ्यांना अक्षता टाकायला भरपूर जागा सोडावी.