फोटोत न आलेली ओळ

सुज्ञ वाचकहो, पुढील मजकुरात उंबरटाकळी येथील प्राथमिक शाळेच्या परसबागेत लावलेल्या अंबाडीच्या साठ रोपांचा साद्यंत वृत्तान्त कथन करण्यात येणार आहे. त्यात कोणी मरत नाही, कोणी निलंबित होत नाही. फक्त एक भाजी शिजायची राहते. एवढ्याशा गोष्टीसाठी आपला अमूल्य वेळ घेतला जात आहे, ह्याची लेखकास नम्र जाणीव आहे.

सायखेड्याच्या अलीकडे, गोदाकाठी उंबरटाकळी वसलेली आहे. तेथील शाळेत गोजराबाई ह्या गेली अकरा वर्षे मुलांची खिचडी शिजवीत आहेत. यंदा आषाढात वरच्या कार्यालयाकडून परिपत्रक आले, की विद्यार्थ्यांना स्थानिक अन्नाची ओळख व्हावी, आपण पिकवावे व आपणच खावे हा संस्कार मातीतून रुजावा, सबब प्रत्येक शाळेने परसबाग करावी. उत्कृष्ट बागेस तालुक्यात प्रथम क्रमांक देण्यात येईल. मुख्याध्यापक सोमनाथ सरांनी परिपत्रक दोनदा वाचले. पहिल्या वाचनात त्यांना संस्कार दिसला, दुसऱ्या वाचनात क्रमांक.

अंबाडीचे बी गोजराबाईंनी घरच्या मडक्यातून आणले. गावाच्या चहूबाजूंनी द्राक्षबागा असल्यामुळे तेथील मुलांनी पालेभाजी ही वस्तू मुख्यत्वे सायखेड्याच्या बाजारातच पाहिलेली होती. चौथीतल्या सईने तर अंबाडी कधी खाल्लीच नव्हती. ती रोज आपल्या बाटलीतले उरलेले पाणी रोपांना घालू लागली.

"मावशी, आंबट असती का गं ही?"

"लय आंबट. पर श्रावण लागू दे. कण्या घालून, लसणाची फोडणी दिऊन अशी भाजी करते, का बोटं चाटत बसशील."

हा शब्द एका मुलीस दिलेला असला, तरी तो ऐकला बेचाळीस मुलांनी. त्या दिवसापासून गोजराबाई त्याला बांधल्या गेल्या.

श्रावण लागला. पाने तळहाताएवढी, कोवळी, लुसलुशीत झाली. गोजराबाई टोपली घेऊन वाफ्याशी पोहोचल्या, तोच सोमनाथ सर वर्गातून धावत आले.

"गोजराबाई, थांबा! हात लावू नका. बागेचा फोटो वर गेला आहे. फोटोत साठ रोपे आहेत. समिती येऊन मोजणार."

"मोजू द्या की. मी रोप उपटीत नाय सर, वरचा शेंडा खुडते. उलट फुटवा येतो त्याला."

सरांनी खिशातून मूल्यांकनाचा तक्ता काढून पाहिला. "फुटवा हा रकाना ह्यात नाही."

"मंग मुलांनी खायचं कधी?"

"मूल्यांकनानंतर," सर म्हणाले आणि आवाज खाली आणून पुढे बोलले, "बाई, माझ्या आधीच्या शाळेत मुलांनी मेथी खाल्ली. समितीला रिकामा वाफा दिसला. 'बाग अस्तित्वात नाही' असा शेरा मिळाला मला. मुलांच्या पोटात आहे, असं सांगून पाहिलं. पुरावा मागितला."

गोजराबाईंनी रिकामी टोपली काखेला लावली आणि त्या दिवशी खिचडीत बाजारचा कोबी घातला. स्थानिक अन्नाचा तास मात्र नियमितपणे होत राहिला. तो वर्गातील पडद्यावर होई. त्यासाठी वरून आलेल्या चित्रफितीत एक गोरीपान बाई ब्रोकोली नावाची भाजी किती गुणकारी आहे, हे हसत हसत सांगत असे.

समिती यावयाची ती आली नाही. सिंहस्थाच्या तयारीत सारे अधिकारी गुंतलेले आहेत, असे कळविण्यात आले. श्रावण गेला, भाद्रपद लागला. अंबाडी मुलांच्या कमरेला आली, मग खांद्याला. पाने जून होऊ लागली. गोजराबाई येता-जाता एखादे पान बोटांत चुरून पाहत आणि आठवडे मोजीत.

"सर, अजून आठ दिवस हायेत हिच्यात. नंतर चावायला बैलाचे दात लागतील."

"स्मरणपत्र पाठवलं आहे."

"भाजीला पण पाठवा एक. म्हणावं, थांब जरा."

अशातच एके दिवशी मधल्या सुट्टीत सई पान चघळताना सापडली. प्रकरण गंभीर होते. फोटोतील रोपांपैकी चौथ्या ओळीतील एक रोप शेंड्याविना आढळले होते. सरांनी तिजकडून लेखी खुलासा मागितला. सईने वहीचे पान फाडून लिहिले: "मी पान खाल्ले. ते आंबट होते. अजून एक खावेसे वाटले."

सरांनी वाचून डोळे मिटले. "चवीचा उल्लेख करायची गरज नव्हती, सई."

"पण सर, स्थानिक अन्नाची ओळख..."

"ओळख वर्गात व्हायला पाहिजे. बागेत नाही."

पुन्हा असा गैरप्रकार घडू नये म्हणून बागेला कुंपण करण्याचे ठरले. खांब मिळाले, दोर मिळेना. तेव्हा गावातील वृद्ध गृहस्थ चिमाजीबाबा, जे शाळेच्या ओट्यावर सकाळचे ऊन खावयास बसत, ते उद्गारले, "दोर कशाला हुडकता मास्तर? ह्यो काय उभा हाय. अंबाडी कापायची, नदीत भिजत टाकायची, साल सोलायची, वळायची. आमच्या टायमाला बैल बांधायचो आम्ही तिनं."

"पण साठ रोपांना हात लावता येत नाही, बाबा."

"साठ? सत्तर हायेत ना ही. भिंतीकडली एक ओळ धरली नाय का?"

सरांनी मोबाइल काढला, फोटो मोठा करून पाहिला. खरोखरच भिंतीलगतची दहा रोपांची सातवी ओळ फोटोत आलेली नव्हती. म्हणजे शासकीयदृष्ट्या ती ओळ उगवलेलीच नव्हती. जे उगवलेलेच नाही, ते कापण्यास कोणाची हरकत असणार?

गोजराबाई भांडी घासता घासता ताठ उभ्या राहिल्या. "मंग ही दहा रोपं मला श्रावणातच का नाय दिली, सर? बेचाळीस लेकरांना घास घास आला असता."

"श्रावणात ती फोटोत नाही, हे कोणी पाहिलं होतं, बाई?" सर म्हणाले. आणि ते खरेच बोलत होते.

ती ओळ कापली गेली. पंधरा दिवस नदीत भिजली, सोलली गेली, आणि चिमाजीबाबांनी ओट्यावर बसून तिचा सुरेख पांढुरका दोर वळला. तो खांबांना तिपदरी बांधण्यात आला. मुले दोराबाहेर उभी राहून बाग पाहू लागली.

दिवाळीनंतर समिती आली. अध्यक्षा योगिनी मॅडम मनाने चांगल्या होत्या. डोक्यावरून गेलेली पिवळी-जांभळी फुलारलेली अंबाडी पाहून त्या हरखल्या. साठही रोपे मोजण्यात आली, साठही भरली. समितीच्या जेवणासाठी सायखेड्याहून पनीर मागविले होते. ताट समोर येताच मॅडम म्हणाल्या, "अगंबाई, अंबाडीची भाजी नाही केली? माझी आई करायची. लसणाची फोडणी देऊन."

"केली आसती मॅडम," गोजराबाई म्हणाल्या, "पर चार महिन्यांनी आलात तुम्ही. आता दोराला हात लावून बघा, तीच हाय."

मॅडमनी दोर चाचपला, आणि क्षणभर त्यांचा चेहरा पडला. परंतु वेळ थोडा होता. त्यांनी मुलांना गोळा करून विचारले, "सांगा बरं, अंबाडीचा उपयोग काय?"

सईने हात वर केला.

"मॅडम, आम्ही आत जाऊ नये म्हणून."

समितीने अहवालात नोंद केली: 'विद्यार्थ्यांना स्थानिक वनस्पतीचा प्रत्यक्ष उपयोग अवगत आहे.' शाळेस तालुक्यात प्रथम क्रमांक मिळाला. पारितोषिक म्हणून बागेचा श्रावणातला कोवळा फोटो मोठा करून, चौकटीत बसवून देण्यात आला. तो ओसरीवर लावलेला आहे. मुले रोज त्याच्यासमोर बसून खिचडी खातात.

गोजराबाईंनी मात्र वाळलेल्या बोंडांतले बी पदराच्या गाठीला बांधले. मग सईला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारले, "सर फोटो काढाया नेमके कुठं उभे राहत्यात गं?" दोघींनी त्या जागी उभे राहून पाहिले. कुठवर दिसते आणि कुठून दिसेनासे होते, तेथे एक दगड ठेवून घेतला. येत्या आषाढात एक ओळ त्या दगडापलीकडे लागणार आहे.

तो दगड कोठे आहे, हे प्रस्तुत लेखकास ठाऊक आहे. परंतु तो सांगणार नाही. आपल्यावर अविश्वास आहे असे नव्हे. आपण सज्जन आहात, आपणास मुलांची व मातीची कळकळ आहे, म्हणून तर आपण मुद्दाम उंबरटाकळीस याल, वाफ्याशी वाकाल, "किती छान!" म्हणाल, आणि हात खिशातल्या मोबाइलकडे जाईल.

येथवर वाचण्याची तसदी घेतल्याबद्दल सर्व वाचकांचा अत्यंत ऋणी,

गंगाधर कारभारी शिरसाठ