एकशे तेवीस कोटींचा ताळा

परबकाकांच्या दारावर नावाची पाटी नव्हती. तिथे खडूने लिहिलेलं होतं: १२३४५६७८९१. नव्या पोस्टमनने विचारलं, "घराचा नंबर एवढा मोठा?" काकांनी त्याला आत बसवून ही संख्या सातने भागायला लावली. बाकी चार उरली. "बघ, तुटली नाही!" काका म्हणाले. त्या दिवसापासून तो काकांची पत्रं शेजारी आमच्याकडे टाकू लागला.

एकशे तेवीस कोटी, पंचेचाळीस लाख, सदुसष्ट हजार, आठशे एक्क्याण्णव. ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून हिला कशानेच पूर्ण भाग जात नाही, असं काकांचं म्हणणं. ते सिद्ध करायला ते नऊ वर्षं भागाकार करत होते. पस्तीस हजार एकशे छत्तीसपर्यंतच्या आकड्यांनी भागून पाहिलं की पुरे, पुढे गरज नाही, हे त्यांनी चारकोपच्या आमच्या सेक्टरमध्ये प्रत्येकाला दोनदा समजावलं होतं. लोक त्यांना बघून गल्ली बदलायचे. मीसुद्धा.

माझ्या दिरांनी दुबईहून कॅल्क्युलेटर आणला. त्यात आठच आकडे मावायचे. काका खूश. "यंत्रालाही झेपली नाही गो!"

काकू होत्या तोवर ठीक होतं. काका भागायचे, काकू ताळा करायच्या, उत्तराला परत गुणून, बाकी मिळवून बघायच्या. त्या गेल्या आणि काका वही घेऊन दारोदार फिरू लागले. "स्वतः भागायचं नि स्वतःच ताळा करायचा, ह्याला काय अर्थ?" वाण्याने एकदा न बघताच पानभर बरोबरच्या खुणा केल्या. काका आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

शेवटी माझी पाळी. मी कपड्यांच्या कारखान्यात चेकर, शर्टांतले दोष काढणारी.

"तू चेकर ना गो? ताळा करून दे."

"काका, मला पोळ्या करायच्यात."

"पोळ्या झाल्यावर कर."

रविवारी बसले. आधी काकूंच्या वेळची पानं चाळली. दर पानावर एक चूक, लाल पेन्सिलीने गोल केलेली. दर पानावर एकच. मग नवं पान तपासलं. चार निघाल्या.

तणतणत गेले. "काका, काय हे? काकू होत्या तेव्हाही रोज चुकत होतात?"

"मुद्दाम गो." काका चक्क लाजले. "पानाला एक घालायचो. ती शोधून काढायची नि ओट्यापासून ओरडायची, 'अहो, चुकलात!' नाहीतर चाळीस वर्षांनी नवरा-बायको बोलणार काय?" मग उत्सुकतेने पुढे वाकले. "ह्या पानावरही घातलीय एक. सापडली?"

"सापडली," म्हटलं आणि वही पुढे केली. पानावर माझे चार गोल होते.

काकांनी चष्मा पुसला. पहिल्या गोलावर बोट ठेवलं, उचललं. दुसऱ्यावर ठेवलं. मग तिसऱ्यावर. परत पहिल्यावर आले.

"बाय," ते हळूच म्हणाले, "ह्यातली माझी कुठली गो?"