राऊतबाईंचे पाहुणे

राऊतबाईंच्या घरातला कचरा मी जाळला. अंगणात ढीग केला, काडी लावली आणि वर राखेवर पाणीही मारलं. तो कचरा नव्हता.

बाईंनी आमच्या डहाणूच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यावर लोक कुत्रा पाळतात, पोपट पाळतात. बाईंनी झाडांवरची कीड पाळली. गुलमोहरावरच्या उंटअळ्या लोणच्याच्या बरण्यांत, बदामावरच्या केसाळ अळ्या बुटांच्या खोक्यांत, आंब्याचे तुडतुडे मच्छरदाणी शिवलेल्या डब्यात. या सगळ्यांना मिळून त्या पाहुणे म्हणत. सकाळी कुंपणापलीकडून विचारावं, "बाई, फिरायला येताय?" तर उत्तर यायचं, "पाहुण्यांचं खाणं व्हायचंय अजून."

पहिल्यांदा त्यांच्याकडे चहाला गेलो, तेव्हा बसायला आंब्याचा एक ओंडका दिसला. बसलो. दोन घोट झाले आणि खालून कर्रकर्र आवाज यायला लागला. मी कप तसाच धरून गोठलो.

"भिरूड आहे आत," बाई म्हणाल्या. "बसा हो, तो फक्त लाकूड खातो."

तो चहा मी उभ्याने संपवला.

त्यांच्याकडे माणसंही तशीच येत. तळासरीकडचा एक बागाईतदार आंब्याची वाळकी फांदी स्कूटरला बांधून आणायचा आणि दारातूनच ओरडायचा, "बाई, कोणतं औषध मारू?" बाई आधी फांदी चिरून आतल्या अळीला बशीत ठेवायच्या. "मारायच्या आधी ओळख तरी करून घ्या," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तो बिचारा अळीकडे असा बघायचा, जसं काही त्याला मुलगी बघायला बसवलंय.

मासळीवाली मात्र त्यांच्या पायरीवर टोपली ठेवत नसे. "तुमच्या घरातलं काय उडून माझ्या बोंबलांत पडेल, सांगता येत नाय," म्हणायची.

तर बाईंना मोतीबिंदू झाला. वलसाडला बहिणीकडे राहून ऑपरेशन करायचं ठरलं. किल्ली माझ्याकडे दिली आणि सांगितलं, "सावे, बरण्यांत पानं टाका. बाकी कशाला हात लावू नका."

बरण्यांत मी इमानदारीने पानं टाकली. चौथ्या दिवशी मात्र माझ्यातला गृहस्थ जागा झाला. खिडकीखाली एका पत्र्याच्या डब्यात चिकूची वाळलेली पानं भरली होती. म्हटलं, बिचारीला डोळ्यांनी दिसत नसणार, केर साठलाय. डोळा नवा करून येतेय, तर घरही चकचकीत दिसू दे. पुढचं वर सांगितलंच आहे.

मग मी फोन करून, फुशारकीने, सांगितलं.

"खिडकीखालचा डबा?"

"हो. काळजी करू नका, घासूनही ठेवलाय."

"सावे, चिकूची बी पोखरणारी अळी फळातून बाहेर पडते आणि वाळक्या पानाची कडा दुमडून त्यात कोष करते. प्रत्येक पानात एक होती."

मी खुर्चीत बसलो. मग जो मूर्खपणा सुचला तो आधीच्याहून मोठा होता. त्या यायच्या आत मी शेजारच्या वाडीतून चिकूची वाळकी पानं गोळा केली आणि डब्यात भरली. काही पानांच्या कडा स्वतः दुमडल्या. चिकटवायला भात वापरला.

बाई काळा चष्मा लावून आल्या. पिशवी खाली ठेवायच्या आधी डब्यापाशी गेल्या. एक पान उचललं, नाकाशी नेलं.

"भात?"

मी होकारार्थी मान हलवली. त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. पाटावर बसल्या.

"ऑपरेशन मी पेपर वाचायला केलं नाही," त्या म्हणाल्या. "आमचे हे होते तेव्हा आम्ही दोघं मिळून अळ्या पाळायचो. एका सकाळी यांनी खिडकीपाशी हाक मारली, पतंग निघतोय, लवकर ये. मी म्हटलं, आले, दूध ठेवलंय. गॅस बंद करून गेले तोवर तो उडालेला. हे म्हणाले, पुढच्या खेपेला बघ. त्याच पावसाळ्यात हे गेले. मग मी दरवर्षी अळ्या आणते. कधी निघायच्या आधीच मरतात, कधी मी बाजारात असते. गेली दोन वर्षं तर समोर असूनही दिसत नव्हतं."

एका माणसाचं इतक्या वर्षांचं थांबणं मी नीट झाडून, पेटवून दिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. वाडीवाल्याच्या हातापाया पडून गळलेले चिकू आणले. त्यांतून अळ्या बाहेर आल्या, पानांत शिरल्या, कडा दुमडल्या. भाताविना. मग रोज सकाळी मी आणि बाई डब्यासमोर बसायचो. बायकोने विचारलं, रोज तिथे काय करता? म्हटलं, बसतो. ती म्हणाली, ते घरीही करता की.

एका सकाळी एका पानाची घडी हलली. बाईंनी चष्मा काढला. करड्या रंगाचं, नखाएवढं काहीतरी ओलं आणि चुरगळलेलं बाहेर आलं, पानाच्या कडेवर चढलं आणि पंख हळूहळू सरळ करायला लागलं. बाई पापणी न हलवता बघत होत्या. नव्या डोळ्यातून पाणी गालावर आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

"आले हो मी," त्या अगदी हळू म्हणाल्या. "बघतेय."

"मीही बघतोय," मी म्हटलं.

पतंगावरची नजर न काढता बाई म्हणाल्या, "तुम्हाला कोण सांगतंय? मागे सरका, त्याच्यावर श्वास सोडताय."